अठरावी पायरी

रविवारी सकाळी सात, कमला नेहरू पार्कच्या फाटकाशी
आम्ही पंधरा जण. माणशी तीनशे रुपये, पाण्याची बाटली आपापली.
ऋजुता धारप नावाची मुलगी, गळ्यात छोटा स्पीकर,
म्हणाली, "आज मान वर करून चालायचं.
आपल्याला दुकानांच्या पाट्या पाठ असतात,
दुसरा मजला माहीत नसतो."
वर पाहिलं तर एक बाई गादी झटकत होती.
ती थांबली. पंधरा माणसं
आपल्याच गादीकडे का बघतायत, तिला कळेना.

मग छज्जे. खिडकीवरून निघून कोपऱ्याभोवती
वळून गेलेली काँक्रीटची पट्टी.
"हिला भुवई म्हणा," ऋजुता म्हणाली,
आणि सगळी गल्ली भुवया उंचावून आमच्याकडे बघू लागली.
पुण्यात हे तसं नवीन नाही.

ती सांगत होती : पानशेतनंतर पेठा पूल ओलांडून इकडे आल्या.
लाकूड वाहून जाताना पाहिलेल्या माणसांनी सिमेंट मागितलं.
नक्षी नको, भिंत सरळ द्या,
संडास घरात द्या, वारा द्या.
वाचून सांगत असावी, पण बरोबर सांगत होती.
मी तेव्हा एकोणीसचा. टी-स्क्वेअरवर ओणवा,
नव्वद रुपयांवर ट्रेसर.
फॉर्मवर मी 'निवृत्त' एवढंच लिहिलं होतं.

कालव्याच्या रस्त्याअलीकडे ती इमारत आली.
तीन मजले, ग्रिटचा गिलावा, जिन्याला उभी जाळी.
जाळीतून पडणारं ऊन
माझ्या ट्रेसिंगवर कुठेच नव्हतं.
फाटकावर पुनर्विकासाचा बोर्ड. बावीस मजले,
चित्रातल्या झाडांखाली चित्रातली माणसं कुत्री फिरवत होती.
वॉचमन म्हणाला, फोटो नाही.
ऋजुता म्हणाली, परवानगी आहे.
असेल, तो म्हणाला, पण फोटो नाही.

"सावकाश चढा," ती म्हणाली. "वरची पायरी पायाला कळू दे."
एकेक करून चौदा जण अडखळले.
"बघा! इथे उंची मुद्दाम कमी केलीय.
घरात शिरण्याआधी एक विराम.
हा नुसता जिना नाही, विचार आहे."
कुणीतरी वहीत लिहून घेतलं.

विचार नव्हता, बाई.
शनिवार होता, सायकलला दिवा नव्हता,
अंधाराआधी लकडी पूल गाठायचा होता,
डेक्कनच्या कोपऱ्यावर हवालदार उभा असे.
मी मजल्याची उंची साडेसहाने भागली,
उरले चार इंच, ते वरच्या पायरीत ढकलले,
शाई वाळते न वाळते तोच कागद गुंडाळला.
साहेबांनी सही केली.
उमाजी गवंड्यानं तेवढं विचारलं, "ही बारकी का, साहेब?"
मला कुणी पहिल्यांदाच साहेब म्हणत होतं.
मी म्हणालो, डिझाइन आहे.

वरून एक बाई उतरल्या, हातात दुधाच्या धुतलेल्या पिशव्या.
कठड्याला हात नाही, खाली बघणं नाही.
त्या पायरीशी पाऊल जरासं आखडलं आणि पुढे गेलं.
"कोण पाहुणा ते आम्हाला दार न उघडता कळतं," म्हणाल्या.
"धप्प झालं की पाहुणा.
आमच्या ह्यांना नेलं तेव्हा
खांदेकऱ्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं."
नव्या इमारतीत लिफ्ट आहे म्हणे, कुणीतरी म्हणालं.
"हो ना," त्या म्हणाल्या, आणि पिशव्यांची घडी केली.

सगळे गच्चीकडे गेले. पंधरावा मी,
चढलो, आणि अडखळलो.
हातानं काढली होती. पायाला काय माहीत?

मग बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं
वाकलो, आणि खिशातली जुनी पट्टी लावली.
चार इंच.
उमाजीनं सूतभरही चुकवलं नव्हतं.